दारात अडलेलं भूत

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. काळी, जड, कोपऱ्याला तडा गेलेली. पण माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही, ती सुरू होते डेल्फीनबाईंच्या नवसापासून.

केप ब्रेटन नावाच्या थंड बेटाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या गावात त्यांचं घर. त्या वर्षी ऑक्टोबरच्या वादळात त्यांचे यजमान आन्सेल्म होडीसकट गेले. समुद्राने काहीच परत दिलं नाही, डोक्यावरची टोपीसुद्धा नाही. त्यांची लेक ओदील तेव्हा लहान होती. तिचं हसू त्या दिवसापासून मावळलं. दार वाजलं की बाबा आले म्हणून ती धावायची.

हॅलोविनच्या, म्हणजे पोरं भुताखेतांचे मुखवटे घालून दारोदार खाऊ मागतात त्या, संध्याकाळी असंच दार वाजलं. ओदील धावली आणि पाहते तो समोर हाडांचा सापळा! शेजारचंच पोर होतं मुखवटा घालून. पण ओदील जी टेबलाखाली शिरली ती बाहेरच येईना.

डेल्फीनबाईंनी मरियामाईपुढे मेणबत्ती लावली. "माई, माझ्या पोरीला एकदा हसू दे. दर हॅलोविनला गावातली पोरं घरात बसवून जेवू घालीन. दारी आलेल्या कुणालाच बाहेरच्या बाहेर परत लावणार नाही."

थोड्या वेळाने टीव्हीवर भुताचा सिनेमा लागला, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा. पोरीला आवडला तर पुन्हा लावता येईल, म्हणून बाईंनी मला, कोऱ्या कॅसेटला, यंत्रात सारलं. त्या सिनेमातलं भूत अंधाराला भ्यायचं. हातात कंदील घेऊन फिरायचं आणि शिंकलं की त्याची चादर उडून खालची लोकरीची चड्डी दिसायची. स्वतःचं घर विसरलेलं ते बिचारं दारोदार हिंडायचं. कुणी त्याला खाऊची गोळी द्यायचं, तर कुणी म्हणायचं, "आलास तसा पायरी उतरून जा!" शेवटी त्याला आपलं घर सापडायचं, दार उघडायचं आणि ते आत जायचं.

तिसऱ्या शिंकेला टेबलाखालून खुदकन आवाज आला. बाईंनी एप्रनच पदरासारखा तोंडाला लावला आणि त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कडेची प्लास्टिकची खिट्टी मोडून टाकली. ती मोडली की, कुणी ते भोक मुद्दाम बुजवल्याशिवाय, कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. खिट्टी मोडलेली कॅसेट म्हणजे घरातली जपायची वस्तू, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मला वाटलं, आता मी सुरक्षित.

वर्ष फिरलं. नवसाची पहिली हॅलोविन आली. चुलीवर कोंबडी-बटाट्याचा फ्रिको रटरटत होता. पोरं जमिनीवर दाटीवाटीने बसली होती आणि मी फिरत होते. भूत आपल्या घराच्या पायरीवर आलं, त्याने हात उचलला...

आणि पडद्यावर हॉकीचा सामना सुरू झाला.

माझ्या पोटात काय भरलं गेलंय ते मला आठवडाभर ठाऊक होतं. पण मला ओरडता येत नाही.

"लुसियाँ!" बाई कडाडल्या. लुसियाँ म्हणजे आन्सेल्मचे धाकटे भाऊ, कोपऱ्यात ब्रेड बुडवून खात होते.

"वहिनी, मला वाटलं रिकामीच आहे."

"खिट्टी मोडली होती ना? मग त्या भोकावर चिकटपट्टी कुणी लावली, भुताने?"

"हातात दुसरी कॅसेट नव्हती हो! आणि आपले लोक जिंकत होते."

"आपली पोर हरली की रे इथे."

ओदील पडद्याकडे टक लावून होती. चेहरा पांढराफटक. "काका, आता ते घरात कसं जाणार? बाहेरच राहणार का, बाबांसारखं?"

बाईंनी भिंतीवरच्या मरियामाईकडे पाहिलं. हसू मागून घेतलं होतं, ते आता जातंय की काय? लुसियाँनी वाटी खाली ठेवली आणि ते मागच्या दाराने गुपचूप निघून गेले. "पळाला बघा," शेजारीण पुटपुटली.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मग एक शिंक, घर हादरवणारी.

ओदील उठली. दारापाशी जाऊन कितीतरी वेळ नुसती कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने दार उघडलं. बाहेर कंदील घेतलेलं, दोरीवरची ओली चादर पांघरलेलं, थंडीने कुडकुडणारं भूत. चादरीखाली लुसियाँचे गमबूट.

बाई आन्सेल्मना रोज म्हणायच्या तेच ती म्हणाली, "पाय पुसून आत ये. फ्रिको गरम आहे."

आणि ती हसली. रडत रडत हसली.

तेव्हापासून दरवर्षी मला पायरीपर्यंतच चालवायचे. पुढचा शेवट लुसियाँ दार वाजवून करायचे.

पण लुसियाँ गेल्या हिवाळ्यात वारले. आणि यंदा, पोरं जमली असताना, म्हाताऱ्या यंत्राने माझी फीत गिळली. ओदील, जी आता स्वतः आई आहे, तिने मला कात्रीने सोडवलं. चुरगळलेली फीत हातात घेऊन डेल्फीनबाई खुर्चीत बसल्या होत्या. "माईला काय सांगू गं? नवस मोडला."

"आई, नवस कॅसेटचा कुठे होता? दाराचा होता."

आणि दाराबाहेर कुणीतरी होतंच. गावात नवीन आलेली एक चिमुरडी मांजराचा मुखवटा घालून पायरीवर घुटमळत होती. तिला दार वाजवायचा धीर होत नव्हता. डेल्फीनबाई काठी टेकत उठल्या आणि त्यांनी स्वतः दार उघडलं. "पाय पुसून आत ये, बाळा. फ्रिको गरम आहे."

मी आता मरियामाईच्या मेणबत्तीशेजारी असते. माझ्यात भूत अजून त्या पायरीवरच उभं आहे. माझ्याने त्याला कधी आत नेता आलं नाही, आणि आता येणारही नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुमच्याही दाराशी कुणीतरी हात उचलून थबकलेलं असेल. डेल्फीनबाईंनी बोलला तसा एक नवस तुम्हीही बोला. पातेल्यात एक वाटी जास्तीची ठेवा, आणि त्याने दार वाजवायच्या आधीच कडी काढा.