गुरुवारचा आजार

“गुरुवारच्या यादीत पहिला प्रश्न तुमचा आहे, हजेरीबुवा. आता चहा तरी पाजा!”

शेजारच्या बाकावरच्या खासदारांनी वाक्य सहज टाकलं आणि नेहमीसारखा हात पुढे केला. हजेरीपटावर सही करायला त्यांच्याजवळ स्वतःचं पेन कधीच नसे. अकरा वर्षं ते हजेरीबुवांचं पेन वापरत होते, आणि अकरा वर्षं हजेरीबुवा त्यांना दारातून येताना पाहूनच पेनाचं टोपण काढून ठेवत होते. आज टोपण निघालं, पण पेन हातातच राहिलं.

“माझा प्रश्न?”

“तुमचाच. नाव छापलंय की. आणा ते पेन इकडे, घंटा होईल.”

हजेरीबुवांच्या अकरा वर्षांचा हिशेब फार सोपा होता. मागच्या शुक्रवारपर्यंत सभागृह भरल्याचे दिवस सातशे त्र्याहत्तर, त्यांतले हजर दिवस सातशे त्र्याहत्तर. भाषणं तीन, पैकी दोन शोकप्रस्तावावर, आणि तिसरं सुरू होताच वेळ संपल्याची घंटा. प्रश्न शून्य. राजकारणात येण्याआधी ते बस आगारात वेळनियंत्रक होते. गाडी कुठे जाते हे त्यांनी कधी विचारलं नाही, वेळेवर सुटली की झालं. पक्षात अशा माणसाला ‘भरवशाचा’ म्हणतात आणि फोटोत दुसऱ्या रांगेत उभं करतात. दुसऱ्या रांगेचं त्यांना काही वाटत नसे. तिसरीत जायची मात्र फार धास्ती होती.

त्यांनी यादी मिळवली आणि जिन्याच्या आडोशाला जाऊन वाचली. प्रश्न क्रमांक एक. खाडीवरच्या लाँच क्रमांक चारला प्रवासी वाहतुकीसाठी योग्यतेचा दाखला दिला, त्या दिवशी ती लाँच नेमकी कुठे होती? तपासनिसाने ती पाहिली होती काय? नसल्यास दाखला कोणी दिला?

पोटात गोळा आला. खाडी त्यांच्या मतदारसंघातली. लाँचचा ठेकेदार खात्याच्या मंत्र्यांचा साडू. आणि मंत्री त्यांच्याच पक्षाचे, पहिल्या रांगेतले.

खोलीवर आल्या आल्या त्यांनी सहायकाला धरलं.

“कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंस हे?”

“मी नाही लिहिलं, साहेब.”

“मग सही माझी कशी?”

“सही तुमचीच असते, साहेब. वरचं बाकीचं दुसरं कोणीतरी भरतं.”

हे खरं होतं. अधिवेशन सुरू झालं की प्रश्नांच्या कोऱ्या फॉर्मांची चळत समोर घेऊन हजेरीबुवा एका बैठकीत सह्या करून टाकत. पक्षाला कधी कोणाच्या नावाने एखादा सोयीचा प्रश्न टाकायचा असला की पक्ष कार्यालयाचा माणूस येऊन दोन-चार नेई. ट्रेमध्ये जे भरलेलं असेल ते सहायक नेऊन देई. वाचायची पद्धत नव्हती. आठशे प्रश्नांतून चिठ्ठ्या टाकून तोंडी उत्तरासाठी वीस निवडतात. हजेरीबुवांचा नंबर अकरा वर्षांत लागला नव्हता. लागला तो असा.

“पक्षातून कोणी आलं असेल. मला अडकवायला,” हजेरीबुवा म्हणाले.

“तुम्हाला कोण कशाला अडकवेल, साहेब?” सहायक धीर द्यायच्या हेतूने बोलला. हजेरीबुवांना ते जास्तच लागलं.

मंगळवारी प्रतोदांचं बोलावणं आलं.

पक्षाचे प्रतोद कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर माणसाला निदान घाबरायला काही कारण मिळालं असतं. त्यांनी उठून हजेरीबुवांना खुर्ची दिली, पंख्याचा वेग कमी केला आणि काळजीने तोंडाकडे पाहिलं.

“तब्येत बरी दिसत नाही तुमची.”

“नाही, बरी आहे की.”

“आज असेल हो. गुरुवारी नसणार.”

हजेरीबुवांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. “प्रश्न मागे घेतो ना मी. लिहून देतो आत्ता.”

“मागे घेतला की वर्तमानपत्रवाले विचारणार, का घेतला. आजारी माणसाला कोणी काही विचारत नाही. सदस्य गैरहजर, अध्यक्ष पुढच्या प्रश्नावर. उपप्रश्न नाही, गडबड नाही.” त्यांनी खण उघडून एक कागद काढला. “डॉक्टरांनी देऊन ठेवलंय. फक्त जपून ठेवा.”

हजेरीबुवांनी वाचलं. तीव्र पोटदुखी, संपूर्ण विश्रांती, तपासून खात्री केली. डॉक्टरांचं नाव त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

“पण मला यांनी पाहिलेलं नाही.”

“पाहायचं काय त्यात? पोट आहे ना तुम्हाला?” प्रतोद हसले, मग हसणं आवरून म्हणाले, “निवडणुकीला दहा महिने आहेत. तुमच्या जागेसाठी चौघं माझ्याकडे येऊन गेले. चौघांनाही सांगितलं, तो माणूस भरवशाचा आहे. मला खोटं पाडू नका.”

दारापर्यंत ते स्वतः पोचवायला आले. खांद्यावरचा त्यांचा हात हलका होता, तरी खोलीवर पोचेपर्यंत हजेरीबुवांना तो तिथेच असल्यासारखा वाटत राहिला. दुपारभर ते फोनकडे बघत बसले. तीनदा वाजला. एकदा लाँड्रीवाला होता, एकदा चुकीचा नंबर. तिसऱ्यांदा कोणीच बोललं नाही. नुसतं लाँचच्या इंजिनासारखं काहीतरी घरघरत होतं, आणि मग बंद झालं.

बुधवारी ते प्रश्न शाखेत गेले आणि मूळ फॉर्म पाहायला मागितला. कारकून बाईंनी फाईल काढली, पान उलगडून समोर धरलं.

खाली त्यांची सही. वर गोल गोल, थोडं उजवीकडे झुकलेलं अक्षर, शब्दांवरची रेघ लांब ओढलेली. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटांवर हेच अक्षर रोज सकाळी त्यांना सांगत असे: ‘नाश्त्यानंतर. विसरू नका.’

“ओळखीचं आहे का अक्षर?” बाईंनी विचारलं.

“नाही,” हजेरीबुवा म्हणाले, आणि बाहेर येऊन व्हरांड्याच्या टोकाला जाऊन घरी फोन लावला.

“अगं, तू लिहिलंस?”

“लागला का नंबर?” बायकोच्या आवाजात चक्क आनंद होता. “मागच्या महिन्यात तिकडे आले होते तेव्हा ट्रेमध्ये ठेवला. म्हटलं, कोऱ्या कागदांवर इतक्या सह्या पडल्यात, एखादी उपयोगी पडू दे.”

“मला विचारायचं तरी!”

“तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ‘बघू’ म्हणालात. दारात येणाऱ्या माणसांनाही तेच म्हणता आणि निघून जाता. मग ती माणसं माझ्यासमोर बसतात.”

“ते मंत्र्यांच्या साडूचं काम आहे, कळतंय का तुला? माझं तिकीट जाईल. आयुष्य जाईल माझं!”

ती म्हणाली, “लेक रोज सात-दहाच्या लाँचने जाते, अहो. तळातून पाणी येतं. पंप सतत चालू ठेवून चालवतात. पंप बंद पडला की माणसं एकमेकांकडे बघतात. ती चपला हातात धरून बसते. शिक्षिका आहे, पोरांना पोहायला सांगते, स्वतःला येत नाही.”

“मला हे कोणी सांगितलं नाही.”

“ती सांगत होती ना, रविवारी जेवताना. तुम्ही बातम्या लावल्या होत्यात.”

हजेरीबुवांनी भिंतीला हात टेकला. “दाखल्याचं तुला काय माहीत?”

“केबिनमध्ये चौकटीत लावलाय. अकरा तारखेचा. पाच ते तेरा ती लाँच दुरुस्तीच्या आवारात लाकडांवर होती, इंजिन काढून. लेक तेवढे दिवस खाडीला वळसा घालून रस्त्याने गेली. कॅलेंडरवर मी रोज लिहिलंय, किती वाजता घरी आली ते.”

“मग आता मी काय करू?”

“उभे राहा असं मी म्हणत नाही,” बायको म्हणाली. “सही तुमची आहे. गोळी घेतलीत का सकाळची?”

गुरुवारी सकाळी त्यांनी आजारी पडायचा मनापासून प्रयत्न केला. बिछान्यात पडून राहिले. पोट दाबून पाहिलं. दुखत होतं, पण तितकंच, जितकं सोमवारपासून दुखत होतं. साडेदहाला कपडे घातले ते सवयीने. पायांनी त्यांना विचारलंच नाही. सातशे सत्त्याहत्तरावी सही त्यांनी केली तेव्हा प्रतोद दारात उभे होते.

“अरेच्चा, उठलात?”

“सहीपुरता आलोय,” हजेरीबुवा पुटपुटले. “बाक जरा मागचाच आहे माझा. दिसणार नाही मी.”

प्रतोदांनी मान डोलावली आणि दोन बोटांनी स्वतःच्या पोटावर हलकेच टिचकी मारली.

घंटा झाली. अध्यक्षांनी चष्मा लावला. “प्रश्न क्रमांक एक.”

हजेरीबुवांनी बाकाची कड धरली. पहिल्या रांगेत मंत्री कागद सावरत होते. त्यांच्या मागून प्रतोद वळून बघत होते, हसून. शेजारचे खासदार कुजबुजले, “बसा, बसा. खाली बघा.” हजेरीबुवांनी खाली पाहिलं. आपले बूट दिसले, आणि का कोण जाणे, लेकीच्या हातातल्या चपला दिसल्या.

अध्यक्षांनी सभागृहभर नजर फिरवली आणि मागच्या रांगेपर्यंत यायच्या आधीच खाली वळवली. “सन्माननीय सदस्य गैरहजर. प्रश्न क्रमांक—”

“हजर!”

शाळेत नाव पुकारल्यावर पोरगं ओरडतं तसा तो आवाज निघाला. सभागृहात हशा पिकला. हजेरीबुवा उभे होते. आपण उठलो कधी हे त्यांना आठवत नव्हतं.

“हजर आहे मी,” ते पुन्हा म्हणाले. “प्रश्न क्रमांक एक, महोदय.”

मंत्र्यांनी उत्तर वाचलं. सर्व लाँचेसची नियमानुसार तपासणी झाली असून सर्वांना दाखले देण्यात आले आहेत. ते खाली बसले. अध्यक्षांनी विचारलं, “उपप्रश्न?”

त्यांच्या हातात कागद नव्हता. पाठ होत्या त्या फक्त तारखा. वेळनियंत्रकाला दुसरं येतं काय?

“महोदय, दाखला अकरा तारखेचा आहे. पाच ते तेरा ती लाँच जमिनीवर, लाकडांवर चढवलेली होती. इंजिन बाहेर काढलेलं होतं. माझी मुलगी तेवढे दिवस खाडीला वळसा घालून रस्त्याने कामाला गेली, घरी कॅलेंडरवर रोजची वेळ लिहिलेली आहे. तर अकरा तारखेला तपासनीस कशात बसून पाण्यावर गेले, एवढंच विचारायचंय.”

हशा थांबला. समोरच्या बाकांवरून कोणीतरी टेबल वाजवलं, मग बऱ्याच जणांनी वाजवलं. मंत्री ‘माहिती घेतो’ म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, माहिती येईपर्यंत लाँच बंद ठेवा. हजेरीबुवांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. तिथे पोटदुखीचा दाखला घडी घालून ठेवला होता. क्षणभर वाटलं, हाही दाखवावा. न पाहता दाखले कसे निघतात याचा दुसरा नमुना. पण तेवढं धाडस त्यांच्या खात्यावर शिल्लक नव्हतं. जे होतं ते सगळं खर्चून ते खाली बसले.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ते दचकले, पण फोन घरचा होता.

“तपासनीस काल संध्याकाळीच आले,” बायको म्हणाली. “तळाच्या फळीवर उभे राहिले आणि घोट्यापर्यंत पाय आत गेला. लाँच बांधून ठेवलीय. लेक पाचला उठून वळसा घालून रस्त्याने गेली. तुम्हाला शिव्या घालत होती.”

“आणि दारात कोणी?”

“पंधरा-वीस माणसं आहेत. लाँचवरचे चौघं भांडायला आलेत, काम गेलं म्हणून. बाकीचे नुसते उभे आहेत. ठेकेदाराची गाडी दोनदा घरावरून गेली, हळूहळू.”

“भीती वाटते का गं?”

“वाटते. तुम्हाला?”

“हात थरथरतोय कालपासून.”

“मग डाव्या हाताने धरा उजवा,” ती म्हणाली, “आणि गोळी घ्या.”

प्रतोदांचा निरोप सहायकाने आणला. दोन समित्यांतून त्यांचं नाव काढलं होतं. निवडणुकीचं काहीच लिहिलं नव्हतं. ते लिहायची गरज नव्हती.

अकराला दहा कमी असताना ते हजेरीपटापाशी पोचले. सातशे अठ्ठ्याहत्तर. अक्षर जरा वाकडं आलं. तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे खासदार दारातून येताना दिसले आणि हजेरीबुवांनी सवयीने टोपण काढून पेन पुढे धरलं.

खासदारांनी पेनाकडे पाहिलं. मग दारात उभ्या प्रतोदांकडे पाहिलं. मग टेबलाला साखळीने बांधलेलं कचेरीचं पेन उचललं. ते नीट उमटत नव्हतं. त्यांनी तीनदा झटकलं, सही गिरवली, आणि आत जाऊन पुढच्या रांगेत, दुसऱ्याच कोणाच्या शेजारी बसले.

हजेरीबुवा आपल्या बाकावर आले. शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली. पिशवीत कोऱ्या फॉर्मांची चळत होती, प्रत्येकावर खाली त्यांची सही. त्यांतला एक त्यांनी काढला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि सहीच्या वरची मोकळी जागा भरायला घेतली. पेनाचं टोपण उघडंच होतं.