पाठीमागची उत्तरं

फौजदार आयुष्यात कधी पोलीस चौकीची पायरी चढला नव्हता. क्लबाच्या फुटबॉल संघात बचावफळीत तो उभा राहिला की समोरच्या खेळाडूची सुटका नसायची, म्हणून लोकांनी दिलेलं ते नाव. पुढे दोन्ही गुडघे कामातून गेले, नाव तेवढं शाबूत राहिलं, आणि त्या नावाच्या जोरावरच क्लबानं त्याच्याकडे मुलींचा संघ सोपवला.

हाताखाली दिला मास्तर. हा गृहस्थ शाळेत भूगोल शिकवायचा. प्रशिक्षकाच्या झाडून सगळ्या परीक्षा त्यानं दिल्या होत्या आणि चांगल्या मार्कांनी दिल्या होत्या, पण सामना म्हणून जो असतो तो एकही खेळलेला नव्हता. बुटांच्या ओल्या वासानं भरलेल्या खोलीत दोघं रोज त्याच विषयावर तोंडाला तोंड द्यायचे.

“मास्तर, तुम्ही कधी मैदानावर आपटलात का? नाही ना? मग पोरींचं कुठं दुखतंय ते तुम्हाला काय कळणार?”

“त्यांनी सांगितलं की कळतं मला. तुम्हाला न सांगता कळतं. एवढाच काय तो फरक.”

“एवढाच? अहो, सगळा खेळ तेवढ्यातच आहे!”

फौजदाराचं खोटं नव्हतं, हेच तर वाईट झालं. पोरीनं बुटाची नाडी कशी आवळली त्यावरून तिचा घोटा दुखतोय हे तो ओळखायचा. कोण घरी भांडून आली, कोण न जेवता आली, कोणाची आज पळायची इच्छा नाही, त्याला दारातच समजायचं. मास्तर बिचारा प्रत्येकीला विचारत बसायचा आणि ती सांगेल ते खरं मानायचा.

हंगामाचा शेवटचा सामना आला तेव्हा संघाचा जीव टांगणीला लागला होता. हरलो की खालच्या गटात, आणि खालच्या गटात गेलेला मुलींचा संघ आम्ही पोसणार नाही, असं कमिटीनं तोंडावर सांगितलं होतं. बरोबरी झाली तरी चालणार होती. बचावात मधोमध, फौजदाराच्याच जुन्या जागेवर, त्याची सख्खी भाची खेळत होती. घरी ती त्याला मामा म्हणायची, मैदानावर सर म्हणायची आणि घाईत असली की मामासर. बाकीच्या मुली त्यावर खिदळायच्या, आणि फौजदार रागावल्याचं सोंग करायचा.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला. भाची आणि समोरची एक धिप्पाड मुलगी एकाच वेळी उडाल्या आणि डोक्यावर डोकं आदळलं. आवाज पार बाकापर्यंत ऐकू आला. धिप्पाड मुलगी डोकं चोळत उठली. भाची पडून राहिली, मग कशीबशी बसती झाली.

मास्तर पिशवी घेऊन धावला, मागून फौजदार लंगडत पोचला. डोक्याला मार लागला की चार प्रश्न विचारायचे, एक जरी चुकला तरी खेळाडू बाहेर, हा नियम मास्तरनं आणला होता आणि फौजदारानं कुरकुरत मान्य केला होता.

“कितवा हाफ चाललाय?” फौजदारानं गुडघा टेकून विचारलं.

भाचीनं डोळे मिचकावले. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि परत आली. “दुसरा.”

“स्कोअर?”

नजर पुन्हा मागे. “एक-एक.”

उरलेल्या दोन प्रश्नांनाही तेच. मास्तर खाली वाकून तिच्या तोंडाकडे बघत होता, त्याला काही दिसलं नाही. फौजदाराला मान वळवायची गरजच नव्हती. मागे कॅप्टन उभी आहे, पाण्याची बाटली तोंडाजवळ धरून ओठ हलवते आहे, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तो स्वतः असाच गवतावर बसला होता, एकदा नव्हे, कितीदा तरी. डोकं घणघणत असताना डॉक्टरच्या मागे उभ्या असलेल्या दोस्ताच्या ओठांवरून उत्तरं वाचली होती. हे खेळाडूंचं आपसातलं. बाहेरच्या कोणाला याचा कधी थांगपत्ता लागला नाही.

आणि त्या माणसाच्या मनात काय आलं म्हणाल? अभिमान! पोरगी अगदी आपल्यावर गेली, असं वाटून त्याची छाती फुगली. चीड येते, पण खरं तेच आहे. त्याच्या पाठोपाठ त्याला बाकावरची बदली मुलगी आठवली. चेंडू आला की ती डोळे मिटून घ्यायची.

“चारही बरोबर,” मास्तर सुटल्यासारखा म्हणाला. “काय करायचं?”

“खेळू दे.”

आपण नाही का खेळलो, काय झालं आपल्याला, असं त्यानं मनाला बजावलं. त्या काळातले काही सामने त्याला अजिबात आठवत नाहीत, ही गोष्ट त्यानं त्या वेळी जवळही येऊ दिली नाही.

सामना संपत आला असताना लांबून उंच चेंडू आला. भाची उडाली आणि तिनं तो डोक्यानं थेट मैदानाबाहेर घालवला. टाळ्या पडल्या. मग ती वळली आणि खेळ चालू असतानाच घरी निघाल्यासारखी चालू लागली. रेषेच्या अलीकडे कोसळली. संघ वाचला, एक-एक.

हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण पूर्वीची मुलगी परत मिळेल असं धरून चालू नका. बोलेल की नाही, ओळखेल की नाही, काहीच सांगता येत नाही.

फौजदाराची बहीण बाकावर बसून हे ऐकत होती. शेजारी मास्तर उभा होता, रडून त्याचे डोळे सुजले होते.

“ताई, नियमाप्रमाणे चारही प्रश्न विचारले हो,” मास्तर म्हणाला. “मी तिथंच होतो. सगळी उत्तरं बरोबर आली. कोणालाच कळलं नसतं.”

ताईनं मान हलवली आणि भावाचा हात हातात घेतला. “तू नको जीव जाळूस. तुला कळलं असतं तर तू तिला एक क्षण ठेवली नसतीस. मला माहीत नाही का?”

यावर गप्प बसणं किती सोपं होतं! मास्तरनं आयती वाट करून दिली होती, बहिणीनं दार उघडून धरलं होतं.

“कळलं होतं, ताई.”

“काय?”

“ती माझ्या मागं बघून सांगत होती. कॅप्टन ओठ हलवून उत्तरं देत होती. आम्ही पण असंच करायचो. मला पहिल्याच प्रश्नाला कळलं.”

मास्तर खाली बसला. ताईनं हात काढून घेतला, सावकाश, जपून, जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा होता.

“आणि हे मास्तरांना कळलं असतं तर?” तिनं विचारलं. “त्यांनी काढली असती तिला?”

फौजदारानं मास्तरकडे पाहिलं.

“लगेच,” तो म्हणाला.