मुशीचं तेल

शेवंती गेल्याचा निरोप मुर्धा गावात आला, तेव्हा तिचा नवरा लीलाधर तिच्यासाठीच मुशी माशाची कलेजी कढवत होता. तसाच इस्पितळात धावला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसानं शेवटपर्यंत साथ दिली. लिव्हर गेलं. बाहेरचं काही औषध देत होता का?"

"न्हाय," लीलाधर म्हणाला आणि तेलाचे हात पाठीमागे घेतले.

आदल्या वर्षी त्याच डॉक्टरांनी तिचं सडलेलं डावं फुप्फुस काढलं होतं. मग पुतण्या स्वरूपनं पेपरातली बातमी वाचून दाखवली: अ जीवनसत्त्वापासून केलेल्या औषधानं एक फुप्फुस कापलेल्या उंदरांचं उरलेलं फुप्फुस जास्त वाढलं. माणसांवर प्रयोग झालेला नाही, हेही त्यात होतं. लीलाधरनं तेवढं ऐकलंच नाही. अ जीवनसत्त्व मुशीच्या तेलात असतं, हे त्याला ठाऊक होतं. उंदराला थेंब, तर माणसाला वाटी.

"माझा उंदीरच केलास," शेवंती नाक दाबून म्हणायची. "त्याला निदान हा वास तरी आवडत असंल."

तिचे ओठ फाटले, केस गळले, तळव्यांची सालं निघाली. औषध लागतंय, असं म्हणून तो वाटी तोंडाला लावायचा. तिनं ओकलं की पुन्हा भरायचा. आता ते आठवलं की त्याला स्वतःच्या हातांची शिसारी येई. त्या हातांनी त्याला भाकरही खाववत नसे.

बाराव्यानंतर राई गावची विमलाबाई आली. तिच्या नवऱ्याचंही फुप्फुस त्याच डॉक्टरांनी काढलं होतं. इस्पितळातच तिची नि शेवंतीची ओळख झाली होती; तेलाचं तिला शेवंतीकडूनच कळलं होतं.

"लीलाधरा, बायकोला किती जपलंस! तेल उरलंय काय? आमच्या ह्यांना देते."

लीलाधर उठला, बरणी मोरीत उपडी केली. घरभर घाण सुटली.

"काय केलंस मेल्या!"

"काकी, त्या तेलानंच गेली ती. मी पाजलं."

विमलाबाईनं पदर नाकाला लावला. "दुःखानं डोकं फिरलंय तुझं. मुशी काय आमच्याकडं मिळत न्हाय? मी कढवीन."

"काकी, नको."

"डॉक्टरनं सांगितलं तर थांबेन. तुझं ऐकून न्हाय."

म्हणजे डॉक्टरांपुढे उभं राहून 'मी खोटं बोललो' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात जायला सदरा घालून नाक्यापर्यंत गेला आणि परत आला.

त्याला चार दिवस झाले. विमलाबाईनं तेल कढवायला घेतलंय, असं स्वरूप सांगतो. लीलाधरनं डॉक्टरांना अजून काही सांगितलेलं नाही.