लाल टिकलीची शेळी

म्या आबासाहेबाच्या रानात कांदा खुरपत हुते. ऊन असं, की डोस्क्यावरचा पदर सुदीक तापलेला. तेवढ्यात पंचायतीच्या भोंग्यावर कोन तरी कोकललं, "समद्या बायकांनी मारुतीम्होरं या. गरिबी हटवायला पुन्याच्या मॅडम आल्यात!"

घ्या! आमची गरिबी हटवायची, ती बी आमचीच अर्धी मजुरी बुडवून. पर रान आबासाहेबाचं, सरपंच बी त्योच. त्येनंच पिटाळलं, मंग काय करता?

माज्या शेजारच्या वाफ्यात म्हाळसाबाई हुती. साठी उलटलेली रांडमुंड बाई. ल्योक-सून एकाच अपघातात गेली, मागं नात ऱ्हायली, भुवनेश्वरी, नववीत. तवा महिनाभर घरटी एक भाकरी म्हाळसाबाईच्या दारात जायाची. कुनाचं घर बसलं की अशा भाकरी न्यायच्या, ही आमच्या गावाची रीतच हाय. त्येला आमी विकास-बिकास म्हनत न्हाय.

म्हाळसाबाईची शेळी आदल्याच म्हैन्यात बांधावर साप डसून मेली. तिचं दूध होटगी टेसनाजवळच्या हाटेलात जायाचं, करडं बाजारात, आन् त्येच्यावर पोरगीची शाळा. आता दिवाळीपतुर शेळी न्हाय मिळाली तर पोरगीच्या हातात खुरपं. म्हातारीनं ठरवूनच टाकलं हुतं. सांगतानी रडली बी न्हाय. म्याच रडले.

मारुतीम्होरं अंकिता मॅडम हुबी. अंगात खादीचा झब्बा, गळ्यात पान्याची बाटली. मागं शेळ्यांचं चित्र काढलेलं मोठं फलेक्स.

"आई, आम्ही काही वाटायला आलेलो नाही," मॅडम म्हनली. "तुमचा विकास तुम्हीच करायचाय. आम्ही फक्त सोबत असणार."

"मंग त्या फलेक्सावर शेळ्या कशापायी चिकटावल्या?" शमशादभाबी म्हनली. भाबी माजी शेजारीण, कापडं शिवती, आन् जीभ तिच्या कातरीपरास धारंची.

"पाच शेळ्या आहेत. पण त्या कोणाला द्यायच्या, हे गावानं ठरवायचं."

मंग तिनं आमास्नी रांगोळी दिली आन् भुईवर गावाचा नकाशा काढाया लावला. रस्ता, वढा, देऊळ, मशीद, घरं. आमचा जनम हितंच गेला, आमास्नी आमचंच गाव काढून दावायचं! मॅडम मातुर टाळ्या पिटत हुती. मंग पिशवीतनं टिकल्यांची पाकिटं काढली. लाल, पिवळी, हिरवी.

"घराची परिस्थिती बघून प्रत्येक घराला टिकली लावा. लाल फक्त पाच."

एवढंच बोलली आन् फोनवर बोलत तिकडं गेली. कुटला रंग कशापायी, ते सांगायची गरजच वाटली न्हाय तिला. तिला वाटलं, लाल मंजी धोका, हे जगाला ठावं. आमच्यात लाल मंजी कुकू, मानाचं. पैला मान कुनाचा? आबासाहेबाचा. चाळीस एकर बागायत, दोन ट्रॅक्टर, बंगल्याला खालपासनं वरपतुर फरशी. आमी बायांनी वाकून पैली लाल टिकली त्येच्या बंगल्याला लावली. उरलेल्या चार त्येच्या भावकीला. आबासाहेब मिशीवर हात फिरवत बगत हुता.

म्हाळसाबाईची पाळी आली. रांडवबाई कुकवाला हात लावीत न्हाय, टिकली तर लांबच. "पांढरी न्हाय का गं?" तिनं इचारलं. न्हवती. मंग पदराच्या टोकानं एक हिरवी उचलली आन् आपल्या खोपटावर ठेवली.

मॅडमनं टॅबवर फोटू काढला आन् यादी वाचली, "अतिगरीब, म्हणजे लाल. पहिलं घर, आबासाहेब."

बाया खो खो हसाया लागल्या. म्या हुबी ऱ्हायले. "मॅडम, चूक झाली. आमी मानाचं कुकू म्हनून लावलं. ह्ये गावातलं समद्यात मोठं घर हाय."

"आई, हिरवं म्हणजे सधन. तुम्हीच लावलंय ना?"

"म्हाळसाबाई सधन? अवो, तिच्या चुलीत..."

"मी समजू शकते. पण हे लोकांच्या सहभागातून आलंय, आणि अपलोडही झालंय. तुमचा निर्णय बदलणारे आम्ही कोण?"

म्या आबासाहेबाकडं बगितलं. म्हनलं, ह्यो तरी बोलंल. त्यो उठला, घसा खाकरला. "मॅडमचं बरूबर हाय. लोकांनी पिरमानं दिलंय, ते नाकारायचं कसं?"

माज्या अंगाची नुसती लाही झाली. गाढवाला गुळाची चव न्हाय म्हनत्यात, पर ह्या गाढवाला गूळ बी पायजे आन् दुसऱ्याचा कोंडा बी पायजे. म्हाळसाबाईनं पदर धरून मला खाली बसवलं. "जाऊ दी गं वच्छला," म्हनली, "माजाच हात हिरव्याला गेला."

आठ दिसांनी शेळ्या आल्या. आबासाहेबानं हार घालून घेतला, शेळीसंगं फोटू काढला. त्याच दिशी भुवनेश्वरी मला म्हनली, "वच्छलाकाकू, आता दिवाळीची वाट कशाला बगायची? सोमवारपास्नं म्या बी कांद्याला येनार." पोरगी हसून बोलली.

दुसऱ्या दिशी सकाळीच भाबीकडं गेले. "भाबी, आबासाहेब गावातला समद्यात गरीब, ह्ये आता ठरलं न्हवं?"

"ठर्‍या. कागज पे ठर्‍या."

"मंग गावाची रीत कुटं गेली?"

भाबीनं कातर खाली ठेवली आन् पोट धरून हसली.

ऐतवारी आबासाहेबाच्या ल्योकाला बगाया मोहोळची पाव्हनं येनार, ह्ये आख्ख्या गावाला ठावं हुतं. पाव्हनं वसरीत गादीवर टेकली, तसं आमी सांगून ठेवलेल्या बसप्पा वाजंत्र्यानं हलगीवर टिपरू टाकलं, आन् आमी वीस-बावीस बाया भाकरीच्या दुरड्या डोस्क्यावर घिऊन दारात.

"काय लावलंय ह्ये, वच्छले?" आबासाहेबाचं तोंड पांढरं.

"काय न्हाय, आबा. घरटी एक भाकरी आन् शेंगाची चटनी. पाव्हनं, वंगाळ वाटून घिऊ नगा. गावात ह्येंच्यापरास गरीब कोन न्हाय. संस्थेच्या कागदावर हाय. परवा शेळी बी मिळाली, ती बगा की तितं बांदलीया."

म्हातारा पाव्हना शेळीकडं बगाया लागला. "चाळीस एकर म्हनला हुता न्हवं?"

"अवो, ह्या बाया चेष्टा करत्यात..."

"चेष्टा कसली?" म्या म्हनलं. "लोकांनी पिरमानं दिलंय, ते नाकारायचं कसं, आबा?"

एक एक बाई पुढं हुयाची, फरशीवर भाकरी ठेवायची आन् मागं सरायची. कोन हसंना. समद्यांच्या शेवटी म्हाळसाबाई आली. तिला आमी बोलावलंच न्हवतं. पदराखालनं तिनं अर्धी भाकरी काढली.

"घ्या, आबा. सकाळची हाय, पर मऊ हाय. अर्धी पोरगीला ठेवली."

तिचं नाटक न्हवतं. तिला खरंच वाटलं हुतं, की आबासाहेबाचं कायतरी बुडालं. म्हातारा पाव्हना उठला आन् पायताण घालाया लागला.

"बसा, बसा!" आबासाहेब वरडला. मंग गड्याला, "ती शेळी सोड रं! आपल्याला कशाला पायजे ती? म्हाळसाबाईच्या दारात न्हेऊन बांद. आत्ताच्या आत्ता!"

पाव्हनं बसली. आमी भाकरी गोळा करून वढ्याकाठी बसून खाल्ल्या. कुटं वाया घालवता? जातानी भाबीनं रस्त्यात मोठ्यांदा सांगितलं, की उंद्या भावकीतल्या दुसऱ्या लाल घराची पाळी. सांजच्यापतुर दोघांनी आपल्या शेळ्या गरिबाघरी पोचवल्या. उरलेल्या दोघांनी गुपचूप बाजार दावला. लाज बी कुनाकुनालाच हुती.

सोमवारी भुवनेश्वरी शाळंला गेली.

ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली, पर कशी गेली? म्हैन्याभरानं ती नवं फलेक्स घिऊन आली. बंगल्याएवढं. त्येच्यावर आबासाहेब हात जोडून, आन् खाली मोठ्या अक्षरात, 'स्वतः अतिगरीब, तरीही शेजारणीला शेळीदान! आमच्या प्रकल्पाची यशोगाथा.' म्हाळसाबाईचं नाव कुटं बी न्हाय. मॅडमनं ते येशीवर टांगलं, फोटू काढला आन् गेली. आबासाहेबानं 'अतिगरीब' वाचलं आन् रात व्हायच्या आत ते गड्याकडनं काढून उकिरड्यावर टाकलं.

म्हाळसाबाईनं ते उचलून आनलं, धुतलं, आन् शेळीच्या गोठ्याच्या गळक्या छपराला आतनं बांदलं. छापलेली बाजू खाली. आता तितं एक थेंब बी गळत न्हाय. शेळी गाभण हाय. ती निवांत रवंथ करती, आन् वरनं आबासाहेब हात जोडून तिच्याकडं बगतोया.