चिंचेवर बसायचा पट्टा

धोंडीराम बाजेसकट खाली आला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावाला असलं काही ठाऊक झालं की ते रोज नवं मीठ लावून सांगतं. चिंचेच्या बेचक्यात जुनी बाज अडकवून त्यानं मचाण केलतं, मक्यावर येणाऱ्या डुकरांवर फटाके टाकायला. झोपेत घरंगळू नये म्हणून कमरेला कासरा बांधला, अन् कासऱ्याचं दुसरं टोक बांधलं बाजेलाच. झाडाला न्हाई. बाज निसटली, ती त्याला घेऊनच निसटली.

सकाळी धाकट्या भावानं, उत्तरेश्वरनं, त्याचं मढं बाजेपासून सोडवलं. गाठ आवळून दगडासारखी झालती. लोक काप, काप म्हणत होते. त्यानं कापली न्हाई. दातानं, नखानं एकेक पदर सोडवत बसला. त्या दिवसापासून उत्तरेश्वरला काही वाटायचंच बंद झालं. ताट पुढं आलं की जेवायचा, न्हाई आलं तर बसून राहायचा. एकदा चहात चुकून मीठ पडलं, तर तेबी पिऊन कप विसळून ठेवला.

पाऊस न्हाई, पाटोद्याच्या बाजारात कडब्याची पेंढी बघायला मिळंना. ऊसच न्हाई म्हणून कारखाना बंद, तोडीच्या टोळ्या गावातच पडून. हिरवं म्हणावं असं एकच रान राहिलतं, दूध सोसायटीच्या विहिरीखालचा मका. गावातल्या दुभत्या जनावरांचं तोंड त्या मक्याकडं, अन् डुकरांचंबी तिकडंच. खायची थोडं, लोळून मोडायची लई. शेवटी वनखात्याची परवानगी आली, डुकरं मारा म्हणून. परवान्याची बंदूक गावात एकट्या उत्तरेश्वरकडं. म्हणजे आता त्याच चिंचेवर त्यानं बसायचं.

कडूबाईनं, धोंडीरामच्या बायकोनं, एकच सांगून ठेवलं होतं. "झाडाला बांधून घ्यायचा पट्टा बघितल्याबगर भावजीला वर चढू देणार न्हाई."

म्हणून दुपारी चिंचेखाली चौघं जमली. मोहनराव, सोसायटीचे चेअरमन अन् कारखान्याचे डायरेक्टर, एक जाड कातडी पट्टा घेऊन आले.

"हे बघा. कारखान्याच्या चिमणीवर हा लावून चढत्यात. साधासुधा माल न्हाई."

"कारखाना तर बंद हाय," कडूबाई म्हणली.

"पट्टा चालू हाय ना बाई."

सिदू शेजारचा पोरगा, डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर कामाला जायचा. त्यानं पोत्यातनं आपला पट्टा काढला. पट्टा कसला, पट्ट्यांचं जाळंच. खांद्यावरनं दोन, छातीवर एक, दोन्ही मांड्यांना एकेक, अन् पाठीवर लोखंडी कडी.

"ह्यो काय बे, घोड्याचा साज आणला का?" मोहनराव म्हणाले.

"घोडं झाडावर चढत न्हाई चेअरमन. तुमचा नुस्ता कमरंचा हाय. पडलं की समदा भार एका जागी, माणूस मधूनच मोडतं. ह्यात भार वाटून जातो."

"आमच्या चिमणीवरनं आजपोतर कुणी मोडलं न्हाई."

"आजपोतर कुणी पडलं न्हाई म्हणा."

कडूबाईनं दिराकडं बघितलं. "तुमाला कोणता पायजे भावजी?"

"कोणताबी."

तो रागानं म्हणला न्हाई, लाडानंबी न्हाई. महिनाभर कडूबाई हेच ऐकत होती. भाकर का भात? कोणतंबी. घरात निजता का अंगणात? कुठंबी. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग लटकून बघू," ती म्हणली. "दोन्हीत. हितंच, उजेडात, जमिनीपासनं वीतभर वर."

मोहनराव हसले. "अवो, खताचं पोतं बांधून बघा की."

"पोत्याला श्वास घ्यावा लागत न्हाई. अन् आधी तुमी. तुमचाच पट्टा हाय."

आता न्हाई म्हणलं तर गावभर होणार, हे मोहनरावांना कळलं. त्यांनी टोपी काढून सिदूकडं दिली, पट्टा पोटाखाली आवळला. सिदू अन् उत्तरेश्वरनं फांदीवरनं टाकलेला दोर ओढला. चेअरमनचे पाय जमीन सोडतात न सोडतात तोवर पट्टा पोटावरनं सरकत थेट बरगड्यांत गेला.

"सोडा! अरं सोडा बे, मेलो!"

खाली आल्यावर ते बुंध्याला टेकून बसले, अन् किती तरी वेळ नुसतं पोट चोळत राहिले. सिदूनं टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

"माझं वय झालं," ते म्हणाले. "ह्याला बांधा. जवान हाय."

कडूबाईनं स्वतः बक्कल लावलं. "रुतलं की सांगा, भावजी."

उत्तरेश्वर वर गेला. पट्टा बरगडीखाली चढला, त्याला कळलं. श्वास अर्ध्यावर येऊन माघारी फिरायला लागला, तेबी कळलं. मग पाय. पहिल्यांदा मुंग्या, मग पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे खाली लोंबायला लागले. शेजारच्या घरात भांडण चाललेलं ऐकू यावं अन् आपण कूस बदलावी, तसं त्याला झालं. समोर मका दिसत होता, मधी मधी डुकरांनी लोळून केलेली टक्कलं. एका टकलात साळुंकी चालत होती. तो तिच्याकडं बघत राहिला.

"बघा," मोहनराव म्हणाले, "ह्याला काय तरी होतंय का?"

कडूबाई मक्याकडं न्हाई, तोंडाकडं बघत होती. ओठ जांभळे पडत चाललेले.

"उतरव! सिदू, उतरव त्याला!"

तो गुडघ्यावर पडला. छातीतनं भात्यासारखा आवाज यायला लागला. तिनं पट्टा ओढून काढला अन् मोहनरावांच्या पायाशी फेकला.

"कावून बोलला न्हाई?"

तो सुन्न मांड्या चोळायला लागला.

"रुतत न्हवतं?"

"रुतत होतं."

"मग?"

त्यानं खांदे उडवले.

पाय ताळ्यावर आल्यावर सिदूनं त्याला आपला पट्टा चढवला. बक्कलं लावता लावता सांगत होता, की एकदा पडत्या माणसाला झेललेला पट्टा पुन्हा कुणी घालत न्हाई, अन् ह्याची शिवण नवीकोरी हाय. उत्तरेश्वर पुन्हा वर गेला. ह्या बारीला ओठ लाल राहिले. कडूबाईनं तीच तीच विचारपूस केली. खांदे? बरं हाय. मांड्या? बरं हाय. मान? बरं हाय.

"वैनी, हाच," सिदू म्हणला. "डोळे झाकून."

"ह्याचे डोळे उघडे असून काय उपेग हाय?" कडूबाई एकदम भडकली. "मघाशी मरत होता तवाबी बरंच होतं त्याचं. उतरव. कुणी वर जाणार न्हाई."

मोहनराव उठून उभे राहिले. "बाई, असं कसं? मका गेला तर जनावरं दावणीला मरत्याल."

"मरू द्या. झाडावर पाय घसरला तर हा हाकबी मारणार न्हाई. सकाळपोतर लटकून राहील, अन् तुमी यायचे सोडवायला. पट्टा कितीबी चांगला आसंना. ज्याला आपलं दुखतंय का न्हाई ह्याचं काही वाटत न्हाई, त्याला मी वर बसवणार न्हाई. म्या बसते."

"अन् बंदूक?"

"फटाके हायत की."

तिच्या अंगात साडीवरनं घातलेला धोंडीरामचा शर्ट होता, ऊसतोडीला घालायची तोच. तिनं त्यावरनं पट्ट्यात हात घातले. छातीचं बक्कल लावलं. मांडीचे पट्टे साडीमुळं बसंनात, तर ते मागं टाकून दिले.

"राहू दे मांडीचे. वढ रं सिदू."

"न्हाई," उत्तरेश्वर म्हणला.

तिघांनी त्याच्याकडं बघितलं.

"मांडीचे लावल्याबगर न्हाई. काखंतनं निसटशील वैनी."

"तुमाला काय त्याचं? कोणताबी म्हणलता ना?"

तो पुढं झाला अन् तिच्या छातीवरचं बक्कल सोडायला लागला. बोलताना बक्कलाकडंच बघत होता.

"पहिला बरगडीखाली चढतो. अर्धाच श्वास येतो. त्यात गेलो असतो. ह्यात श्वास येतो, पण डाव्या मांडीला कड कापती. बसून राहिलं तर पाय मरंल. पाठीवरची कडी मानेला ढकलती. ती सरकवून पायजे."

मोहनराव काही तरी बोलणार होते. सिदूनं कोपरानं ढोसलं.

"अजून?" कडूबाई म्हणली.

"दोर आखूड. डोक्यावरच्या फांदीला. बसल्यावर ताठ राहील एवढाच. मग पडायला जागाच न्हाई."

"अजून?"

"तहान लागली."

तिनं तांब्या दिला. घरी जाऊन दाभण अन् फाटक्या गोधडीचा तुकडा घेऊन आली. सिदूनं आधीच ओरडून सांगितलं, पट्ट्याला सुई लावायची न्हाई, भोक पडलं की जोर गेला. मग तिनं गोधडी मांडीच्या दोन्ही पट्ट्यांभोवती गुंडाळून गोधडीलाच गोधडी शिवली. सिदू दोर घेऊन झाडावर चढला अन् वरची फांदी हलवून बघायला लागला. मोहनराव आपला पट्टा गुंडाळत म्हणाले, "चिमणीवाल्यांना सांगाया पायजे एकदा."

उत्तरेश्वरनं पुन्हा पट्टा चढवला, पुन्हा वीतभर वर गेला, पुन्हा खाली आला.

"डावी बरी हाय," तो म्हणला. "आता उजवी रुतती."

"उजवीला तर गोधडी जाड लावली."

"जाड हाय म्हणूनच रुतती."

"महिनाभर तोंड शिवलं होतं, आज बघा," कडूबाई पुटपुटली अन् त्याच्या पायाशी बसून टाके उसवायला लागली.

उन्हं चिंचेच्या पलीकडं गेलती. त्याला बरं वाटत होतं असं काही न्हवतं. भाऊ आठवला, पण लांबनं, दुसऱ्या गावचा माणूस आठवावा तसा. उजव्या मांडीत मातर दुखत होतं, चांगलंच दुखत होतं. तो हललाबी न्हाई, तिचं होईस्तोवर तसाच उभा राहिला.