काही राहिलं नाही ना?

“खोली सोडताना दारात थांब. पोरीला नावानं हाक मार, ‘चल गं, घरी जाऊ’ म्हण. जागा आवडली की लहान पोरांचा जीव तिथंच रेंगाळतो,” निघताना गावच्या, पाकसानच्या बसथांब्यावर सासूबाईंनी सुदाफोनला बजावलं होतं.

“आई, पोर माझ्या कडेवरच असेल की!”

“कडेवर असेल ते अंग. पोर कुठंय ते बघ.”

सुदाफोन हसली होती. चार वर्षं कॉलेज केलेली, पर्समध्ये थर्मामीटर घेऊन फिरणारी आई ती. तिला कुणी काय शिकवायचं?

दोन दिवसांचं व्हिएन्तियान, लाओसची राजधानी, तिला धड आवडलंही नाही, धड नावडलंही नाही. नदीवरचा वारा गोड, पण धूळ घशात बसलेली. शेवयांच्या रश्शात ही माणसं साखर काय घालतात, नवऱ्याला, बुनमीला, तेच काय आवडतं! सगळ्यांना घाई, तरी लॉजच्या मालकीणबाईंनी न मागता पपई चिरून आणली. तीन वर्षांच्या सीडाला मात्र बाहेरचं काहीच नको होतं. खोलीतल्या कपाटामागच्या खिडकीतून शेजारच्या बौद्ध विहाराचा चाफा दिसायचा. तिथं बसून ती कुणाशी तरी गप्पा मारत खुदुखुदू हसायची.

रविवारी सकाळी बुनमी खालून ओरडला, “अगं, उतरतेस की मुक्काम वाढवतेस? बस जाईल!”

सीडानं खिडकीचे गज घट्ट धरले होते. सुदाफोननं तिचं एकेक बोट सोडवलं. दारात तिला सासूबाईंचे शब्द आठवले, ओठ उघडलेही. पण समोर मालकीणबाई उभ्या, नटूनथटून. त्यांच्यादेखत रिकाम्या खोलीला हाका मारायच्या?

“काही राहिलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

बसमध्ये सीडा रडायची थांबली ती एकदम, नळ बंद करावा तशी.

आज दहावा दिवस. सीडा भरवलं तर जेवते, निजवलं तर निजते. हाकेला मान वळवत नाही. डॉक्टरांनी कान तपासले. उत्तम आहेत म्हणाले. सासूबाई एका शब्दानं टोचून बोलल्या नाहीत, आणि सुदाफोनला धास्ती बसली ती त्यानंच. मागं राहिलेला जीव धरून आणायला, मासे धरायच्या जाळीत सीडाचा फ्रॉक ठेवून सासूबाई दुपारभर बसथांब्यावर हाका मारत उभ्या होत्या. जाळी जपून घरी आणली. सीडानं जाळीकडं पाहिलंसुद्धा नाही.

“माझा आवाज तिथवर पुरत नाही गं,” त्या खाली बसत म्हणाल्या.

शेवटी सुदाफोननं लॉजवर फोन केला. मालकीणबाईंनी उचलला.

“खोली बंदच आहे, ताई. तुमच्यानंतर कुणाला दिली नाही. हां, दुपारचं लहान पोराचं हसू ऐकू येतं. शेजारचं असेल.”

“शेजारी कोण राहतं?”

“शेजारी? शेजारी विहार आहे.”

पावसानं व्हिएन्तियानचा रस्ता पाण्याखाली आहे. पाणी उतरलं की पहिल्या बसनं ती सीडाला घेऊन निघणार आहे. तोवर वाचणाऱ्यांकडं तिचं एकच मागणं आहे. तुम्ही व्हिएन्तियानमध्ये असाल तर त्या विहारामागच्या लॉजवर जा, जिन्याच्या डावीकडची खोली उघडायला सांगा, कपाटामागं बघा. नाव घेऊन बोलावू मात्र नका. लहान आहे, तुमच्याच मागून निघून येईल. ती अजून हसतेय की रडायला लागलीय, तेवढं बघून कळवा.