एलादिओच्या हातचा शेवटचा खल

मी एक जुना, तीन पायांचा दगडी खल आहे. दगड म्हणून मी फार जुना, खल म्हणून मात्र जेमतेम सहा वर्षांचा. सध्या मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी राहतो.

मित्रांनो, माझा जन्म मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो प्रांतातला. एलादिओ नावाच्या म्हाताऱ्या पाथरवटानं मला काळ्या दगडातून कोरून काढलं. त्याचे हात थरथरू लागले होते. छिन्नी घसरे, तो थांबे, आणि पुन्हा सुरुवात करे. मला घडवायला त्याला दीड महिना लागला. मग त्यानं छिन्नी पुसून ठेवून दिली.

रविवारच्या बाजारात त्याची बायको कोन्सुएलो मला घेऊन बसली. त्या बाजारात घासाघीस चालते, पण तिला एक रीत आहे. आधी नमस्कार करायचा, वस्तू हातात घेऊन पाहायची, मग हसत म्हणायचं, थोडं कमी करा. विकणाराही थोडं उतरतो आणि दोघं खूश होतात.

दुपारी सुट्टीवर आलेली रत्ना माझ्यासमोर थांबली. ती मूळची पुण्याची, ट्रॉयमध्ये आयटीत नोकरी करणारी. सोबत तिची मुलगी नेत्रा होती. नेत्रा चौदा वर्षांची, शाळेत स्पॅनिश शिकलेली, म्हणून बोलायचं काम तिच्याकडे. कोन्सुएलोनं आठशे पेसो सांगितले. रत्नानं नमस्कारही न करता नेत्राला तीनशे म्हणायला लावलं. कोन्सुएलो सहाशेवर आली आणि हळू आवाजात म्हणाली की नवऱ्याचे हात आता चालत नाहीत, हा त्याचा शेवटचा खल.

नेत्रानं ते आईला सांगितलं. रत्ना म्हणाली, "अगं, असं सगळेच सांगतात. तू फक्त तीनशे म्हण."

"आई, प्लीज. शी इज नॉट लाइंग."

रत्ना पाठ फिरवून चालू लागली. बाजार उठत आला होता, गावाकडची शेवटची बस निघायची होती. कोन्सुएलोनं हाक मारली. तीनशेला मला कागदात गुंडाळताना तिनं एकदा माझ्यावरून हात फिरवला. मी ओरडलो असतो, पण दगडाला कुठलं तोंड?

ट्रॉयच्या घरी मला दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. माझ्यात गाडीच्या किल्ल्या पडू लागल्या. पाहुणे आले की रत्ना मला उचलून दाखवी आणि ती किंमत कशी पाडली ते रंगवून सांगे. एकदा पाहुणे म्हणून आलेले मनोहरकाका म्हणाले, "तुला मानलं हं, रत्ना." नेत्रा उठून वर निघून गेली. पुढे घरात नवं फर्निचर आलं आणि माझी रवानगी बेसमेंटमध्ये झाली. तिथं मी तीन वर्षं होतो.

या उन्हाळ्यात नेत्रा कॉलेजच्या अभ्यासासाठी त्याच भागात गेली आणि तिनं कोन्सुएलोला शोधून काढलं. त्यांच्याच घरून तिनं इकडे व्हिडिओ कॉल केला आणि आईला मला वर आणायला सांगितलं. पडद्यावर एलादिओ दिसला. त्याचे दोन्ही हात मांडीवर सारखे हलत होते. रत्ना बराच वेळ त्या हातांकडेच पाहत राहिली. मग तिनं नेत्राकरवी उरलेले पैसे पाठवते म्हणून सांगितलं.

कोन्सुएलो म्हणाली, "नको. हो म्हणणारी मीच होते."

एलादिओनं मात्र एकच विचारलं, "यात कशाची चटणी वाटता?"

माझ्या पोटात गंजलेल्या किल्ल्या आणि एक जुना बल्ब होता. रत्नानं फोन पटकन माझ्यावरून वळवला. "शेंगदाण्याची," ती म्हणाली. "रोज."

नेत्राला सगळं माहीत होतं. तरी आईचं ते खोटं तिनं जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं. म्हातारा समाधानानं हसला. मला काहीच करता आलं नाही.

फोन ठेवल्यावर रत्नानं मला घासून धुतलं आणि शेंगदाणे कुटले. मी कधी वापरलाच गेलो नव्हतो, म्हणून चटणीत दगडाची कचकच आली. तिनं ती टाकून दिली आणि माझ्यासमोर तशीच उभी राहिली. उद्या ती पुन्हा वाटेल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, घासाघीस खुशाल करा. पण समोरच्याचं दुःख खोटं ठरवून किंमत पाडू नका. आणि कुणाच्या हातची वस्तू घरी आणलीत तर ती वापरा. घडवणारा कधीतरी तिची चौकशी करतो. तेव्हा त्याला खरं सांगता आलं पाहिजे.